जुनी वायर, नवी डिश आणि गोव्याचा पाऊस: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, केबलवाल्याने घरावर सोडलेली जुनी वायर डिशला मस्त चालते, पावसात चित्र सगळ्यांचंच तुटतं, फार तर टीव्हीमागे बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) लावावा आणि तांब्याच्या गाभ्याची आरजी-६ (डिशसाठीची जाड वायर) घ्या हे माझं म्हणणं म्हणजे दुकानदाराची दलाली, असं तुम्ही लिहिलंय. झणझणीत आहे, म्हणून सविस्तर उत्तर.

पहिल्या मुद्द्यावर भांडण नाही. ती वायर आरजी-५९, म्हणजे जरा बारीक जातीची असणार, पण डिशच्या वायरीसारखी तीही ७५ ओहमचीच. एलएनबीतून (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीतून) ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली येतो. आरजी-५९ त्यातला थोडा जास्त खाते, पण दहा-बारा मीटरांत पडद्यावर फरक कळत नाही.

पाऊस मात्र दोन तऱ्हांनी चित्र तोडतो. जोरदार सर आली की केयू बँडचा, म्हणजे डिश ज्या लहरी पकडते त्यांचा सिग्नल वाटेतच क्षीण होतो. तिथे सोन्याची वायरही कामाची नाही, आणि सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. पण तुमच्याकडे तर ऊन पडल्यावरही दुपारपर्यंत चौकोन दिसतात, हे तुम्हीच लिहिलंय! म्हणजे पाणी वायरीत आहे. उन्हाने आवरण तडकतं, जोडातून पाणी शिरतं आणि आवरणाखालच्या तारांच्या जाळीवाटे आतल्या आत पसरत जातं. असं वायरीत मेलेलं चित्र बूस्टर जिवंत करत नाही, खरखरही तेवढीच वाढवतो.

तांब्याचा आग्रह मी किनाऱ्यालगतच्या घरांसाठी धरला होता. मांद्रे-मोरजीकडची खारी हवा ठाऊक आहेच. एरवी तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी गाभा (वायरीची मधली तार) पुरतो, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पृष्ठभागावरूनच वाहतो. पण एफ कनेक्टरमध्ये (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या, फिरवून लावायच्या जोडात) गाभ्याचं कापलेलं टोक हीच पिन असते. पोलाद तिथे उघडं पडतं आणि गंजतं. किनाऱ्यापासून आत, फोंडा-डिचोलीकडे स्वस्तातली खुशाल घ्या.

तुम्ही तर आधी काहीच विकत घेऊ नका. डिशजवळची वायर वीतभर कापून सोला. जाळी चकचकीत असेल तर दाबून बसवायचा नवा कनेक्टर लावा, वर रबरी टेप गुंडाळा आणि पाणी ठिबकायला वायरीला खाली झोळ द्या. काळी-हिरवी निघाली तर मीटरभर पुढे कापून बघा. तिथेही तीच गत असेल तर काळ्या पॉलिथिन आवरणाची नवी वायर, चवथीला घर भरायच्या आत.

आणि हो, वायरीला कात्री लावण्याआधी सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा. वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. धक्का बसणार नाही, पण जाळी गाभ्याला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो.