बातमी व्हायला घड्याळ लागतं

"ही बातमी होत नाही" हे वाक्य पेपरच्या डेस्कवर रोज कुणीतरी कुणाला तरी ऐकवत असतं, आणि कारण विचारलं तर म्हणतात बातमीमूल्य नाही. माझं मत असंय की किती माणसांवर परिणाम झाला यापेक्षा गोष्ट डेडलाइनच्या साच्यात बसते का, हेच तिथे जास्त बघितलं जातं.

जून २०२३ आठवा. १४ तारखेला ग्रीसजवळ स्थलांतरितांना नेणारा एड्रियाना नावाचा मासेमारी ट्रॉलर बुडाला, साधारण ७५० माणसं होती म्हणतात, वाचली १०४. चारच दिवसांनी टायटॅनिक बघायला गेलेली टायटन पाणबुडी गायब झाली, आत ५ जण. जग कुठे बघत होतं ते सांगायला नको. श्रीमंत-गरीब, गोरे-काळे हे तर आहेच, नाही कोण म्हणतंय! पण टायटनकडे अजून एक गोष्ट होती, ९६ तासांच्या ऑक्सिजनचं काउंटडाउन. दर तासाला नवी हेडलाइन, पाचही जणांची नावं आणि फोटो हातात. ट्रॉलरची बातमी आली तोवर सगळं संपलेलं, धड प्रवासी यादीसुद्धा नव्हती मग फोटो लावणार कुणाचा?

गाल्टुंग आणि रूग या संशोधकांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की घटनेचा वेग पेपरच्या वेगाशी जुळला तर तिची बातमी व्हायची शक्यता वाढते. दुष्काळ, कुपोषण, हवेतलं विष यांचा वेगच जुळत नाही, ते रोज थोडं थोडं होतं आणि "आज नवीन काय" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. आयझेनसी आणि स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अमेरिकन टीव्हीच्या बातम्यांवरून हिशोबच मांडला, ज्वालामुखीत एक माणूस मेला की जेवढं कव्हरेज मिळतं तेवढं मिळायला अन्नटंचाईत सुमारे ४०,००० माणसं मरावी लागतात. आणि बातमी आली की सरकारी मदत मिळायची शक्यताही वाढते, म्हणजे हा नुसता पानावरच्या जागेचा प्रश्न नाहीये.

यावर "वाचकांनाच तेच हवं असतं" हे ठरलेलं उत्तर येईल. थोडं खरंय, मीही टायटनचे अपडेट्स रात्री जागून बघितलेत.

पण पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याबद्दल लिहीत होते, धोका आहे, धोका आहे म्हणून. धोका म्हणजे अजून काही घडलेलंच नाही, मग पहिल्या पानावर कोण घेणार. डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला आणि मग जगभरचे कॅमेरे तिथे पोचले.