आधी चासी बघा

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, हा जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवरच्या एका लेखातला हिशोब मला पटला नाही. तुलना नव्या गाडीच्या हप्त्यांशी व्हायला हवी. आमची २०११ची डिझेल एसयूव्ही दिवाळीत घाटात काळा धूर ओकू लागली. टर्बो, क्लच मिळून ८५ हजार सांगितले. मेकॅनिककाकांनी आधी गाडी लिफ्टवर घेऊन स्क्रू ड्रायव्हरने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकून दाखवली. आवाज खणखणीत आला, तेव्हाच मी हो म्हटलं. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात चासीच सडली असेल, तर इंजिनावर रुपयाही घालू नका. आणि १५ वर्षं भरत आली असतील तर आरटीओची तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर धरूनच आकडा मांडा. तो खर्च दर ५ वर्षांनी परत येतो.