मंगळवारी चार ते सहा कोण बसणार?

‘काही लागलं तर हक्काने सांगा’ हे वाक्य दिव्यांग मूल किंवा मोठा माणूस सांभाळणाऱ्या घरांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की आता त्यावर नुसती हसून मान डोलावली जाते. उपयोग शून्य. काय सांगायचं, कोणाला सांगायचं आणि आलेल्या माणसाने नेमकं करायचं काय, हे ठरवायचं काम पुन्हा त्या आईच्याच डोक्यावर. त्यापेक्षा ‘मंगळवारी चार ते सहा मी येऊन बसते, आधी दोन-तीनदा तुम्ही घरात असताना येते, मला सगळं दाखवून ठेवा’ असं म्हणणारी एक शेजारीण दहा हितचिंतकांना भारी पडते.

रिस्पाइट केअर म्हणतात ते मुळात एवढंच. चोवीस तास सांभाळणाऱ्याला ठरलेल्या वेळी, भरवशाची सुटी. पण आपल्याकडे विषय निघाला की गाडी थेट इमारतीवर जाते: जागा, देणगीदार, उद्घाटन, वीस खाटा. निवासी केंद्रं हवीतच, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून एकदा पंधरा दिवस अनोळखी ठिकाणी ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला घरातच दोन-तीन तास मिळाले तर बहुतेक कुटुंबांना ते जास्त मानवतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाचं बसणं, गिळणं, झोपायची कूस हे सगळं त्याच्या खुर्चीला आणि त्याच्या माणसांना सरावलेलं असतं. ते एकदम बदललं की खाणं कमी होतं, झोप मोडते, आणि झोप मोडली की फिट्स वाढतात. मूल वजन उतरून किंवा माकडहाडावर लाल चट्टा घेऊन परत येतं. मग आई शपथ घेते की पुन्हा कुठेच ठेवणार नाही. पुढची दहा वर्षं ती शपथ पाळली जाते, तिची पाठ कामातून जाईपर्यंत.

दुसरी गोष्ट कोणी मोजत नाही. खरी रिस्पाइट आज विशेष शाळाच देते. अकरा ते चार मूल शाळेत असतं म्हणून घर चालतं. अठराव्या वर्षी शाळा संपते. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मुलगा घरी, आणि तेव्हा आई पन्नाशीला आलेली. म्हणून एकमेकांच्या मुलांपाशी आळीपाळीने बसणाऱ्या घरांचा गट जमवायचा तर मूल चौदा-पंधराचं असतानाच जमवावा. नवीन माणसाची सवय व्हायला काही मुलांना वर्ष लागतं.

पाच-सहा घरं पुरतात. एकाच शाळेत किंवा थेरपी सेंटरला जाणारी, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावरची. वीस घरांचा गट व्हॉट्सॲपवर छान दिसतो, पण कोणी कोणाचं मूल ओळखत नाही, म्हणून प्रत्यक्षात कोणीच कोणाकडे बसत नाही. प्रत्येक मुलासाठी घराबाहेरची किमान दोन माणसं तयार करायची. एकच ठेवलं तर त्याला ताप आला की सगळं कोलमडतं. आणि एक वही: कोणी किती तास दिले, किती घेतले. ‘आपल्यात कसला हिशोब’ म्हणणारे गट तीन महिन्यांत फुटतात, कारण एकच सोशिक आजी सगळीकडे बसत राहते आणि बाकीच्यांना ते दिसत नाही. हिशोबात तासाला तास धरावा. पन्नास किलोच्या अंथरुणाला खिळलेल्या मुलाचा तास आणि पळणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचा तास यांची किंमत वेगळी लावली, की ज्यांना सुटीची सगळ्यात जास्त गरज आहे तीच घरं आधी कर्जात जातात. नोकरीमुळे तास देता येत नसतील त्यांनी पैसे द्यावेत, नाहीतर सगळ्यांचे यूडीआयडीचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे) आणि विम्याचे फॉर्म भरावेत. तेही काम कोणीतरी करायचंच असतं.

पैसे देऊन माणूस ठेवायचा तर घरी मदतनीस पुरवणारे ब्यूरोवाले बारा तासांची पाळी सांगतात. आपल्याला हवे असतात तीन तास. चार-पाच घरांनी मिळून एक मावशी ठेवली तर तिलाही महिन्याचं काम मिळतं. तासाला शंभर रुपये आणि आठवड्याला चार तास धरले तर एका घराला महिन्याला साधारण सतराशे रुपये पडतात. शहराप्रमाणे दर बदलेल. पण आधीच ठरवा की मावशी फक्त मुलापाशी बसेल. ‘जरा भांडी पण’ सुरू झालं की मूल टीव्हीसमोर आणि मावशी मोरीत.

आता कागद. प्रत्येक मुलाची माहिती दोन पानांत, लॅमिनेट करून फ्रिजवर. जाडजूड फाइल अडचणीच्या वेळी कोणी उघडत नाही. पहिल्या पानावर जिवाशी खेळ होईल अशाच गोष्टी.

फिट: घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. कांद्याचा आणि चपलेचा फिटशी काडीचाही संबंध नाही, तरी शिकलेल्या घरातही हात आधी कांद्याकडेच जातो. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता लागोपाठ आली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणारा नाकातला मिडाझोलम स्प्रे आणि १०८. किती फवारे आणि कसे, हे डॉक्टरांकडूनच त्या कागदावर लिहून घ्यायचं. स्प्रे कोणत्या खणात आहे आणि त्याची मुदत कधी संपते तेही. गरज पडते तेव्हा नेमका तो मुदत संपलेला निघतो, कारण मधली दोन वर्षं कोणी बघितलेलाच नसतो.

भरवणं: पाहुण्या माणसाला वाटतं, पातळ दिलं की सोपं. गिळायला त्रास असणाऱ्याला उलट पाणी, ताक, पातळ वरण यांचाच ठसका लागतो, कारण ते घशात फार वेगाने उतरतं आणि श्वासनलिकेत जातं. घट्ट वरणभात नीट मऊ करून, लहान चमच्याने. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. उभं राहून वरून भरवलं की मूल मान वर करतं आणि ठसक्याचा धोका वाढतो, म्हणून भरवणाऱ्याने त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसावं. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना आवाज ओला, घरघरता झाला तर थांबा. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा यांच्यावर सरळ फुली मारलेली असावी, कारण प्रेमाने खाऊ आणणारा पाहुणा हेच आणतो.

औषधं: ‘सिरप ५ मिली’ एवढंच लिहू नका. नाव, मिलिग्रॅम, मिली आणि वेळ, चारही लिहा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर त्याच ५ मिलीत औषध कमीजास्त असू शकतं. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, फोन करायचा.

उचलणं: बगलेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. पंचवीस किलोच्या वर दोन माणसं, किंवा पाठीखाली घडी केलेली चादर घालून सरकवायचं. आडव्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. खुर्चीत बसलेल्याचा भार त्याहून बराच लवकर, पंधरा ते तीस मिनिटांनी हलवायचा.

दुसऱ्या पानावर त्याचा दिवस आणि त्याची भाषा. डोळे वर नेले म्हणजे ‘हो’, ओठ आवळले म्हणजे ‘शी झाली’, हे आईला माहीत असतं म्हणूनच कुठे लिहिलेलं नसतं. ऑटिझम असेल तर काय सहन होत नाही ते लिहा: कुकरची शिट्टी, मिक्सर, डोक्यावरून फिरलेला हात. दाराची कडी, गच्ची, पाण्याची टाकी कुठे आहे तेही लिहा, कारण घराबाहेर निसटणाऱ्या मुलांची ओढ अनेकदा पाण्याकडे असते.

सोपवायच्या पायऱ्या आहेत आणि त्या गाळू नयेत. पहिल्या तीन भेटी घरचं माणूस समोर असताना. पहिल्या भेटीत नुसतं बघायचं, दुसऱ्यात हाताखाली करायचं, तिसऱ्यात एकट्याने करायचं आणि आईने खुर्चीतून उठायचं नाही. ही तिसरी भेट आईसाठी भयंकर अवघड असते. मग वीस मिनिटं बिल्डिंगच्या खाली. मग तास. मग दोन. आणि निघताना मुलाला सांगून निघा. रडेल म्हणून गुपचूप सटकणं ही हमखास होणारी चूक. त्यानंतर आई स्वयंपाकघरात गेली तरी मूल अस्वस्थ होतं, आणि दोष मात्र नवीन माणसावर जातो. चित्राचं कार्ड, घड्याळात काटा कुठे आला की आई येणार, जे समजतं ते दाखवा आणि वेळ पाळा. मोठ्या माणसाला तर कोण बसलेलं चालेल हे आधी विचारायचंच.

सुरक्षिततेचं संकोच न करता बोला. अंघोळ आणि शी-शू शक्यतो त्याच लिंगाच्या माणसाने, दार ओढलेलं पण कडी न लावता. पगारी माणसाची पोलिस पडताळणी. फोटो काढून स्टेटसला टाकणं बंद. सुरुवातीला अधूनमधून घरच्यांनी न सांगता लवकर परत यावं, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. एखाद्या माणसाला पाहून मूल अचानक आक्रसतं, अंगावर न कळणारे वळ दिसतात, तर ‘त्याला काय कळतंय’ म्हणू नका. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

सरकारचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठेवले. रक्कम किरकोळच, पण सांभाळणारा माणूस कागदावर तरी आला. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना २,५०० केलं. मोठ्यांचा एक डायपर तीस-चाळीसला, दिवसाला तीन. हिशोब तुम्हीच करा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनांत ‘समर्थ’ रिस्पाइटसाठी होती आणि ‘घरौंदा’ कायमच्या निवासासाठी, आता त्या ‘समर्थ-घरौंदा’ अशा जोडलेल्या आहेत; ‘दिशा-विकास’मधला ‘विकास’ दिवसाच्या केंद्रासाठी. पण त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात, आणि तालुक्याच्या गावी अशी संस्था सापडणं कठीण. ‘निरामय’ विमा मात्र काढूनच ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधीचा आजार आड येत नाही. पैसे आधी आपणच भरायचे आणि नंतर मागायचे, म्हणून मूळ बिलं जपा.

माझ्या मते सगळ्यात हाताशी असलेला पैसा ग्रामपंचायतीचा आणि पालिकेचा आहे. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्च जवळ आला की घाईघाईने वस्तू वाटल्या जातात, फोटो निघतात आणि विषय संपतो. पुढच्या वर्षाचा आराखडा होतो त्या ग्रामसभेत लेखी मागणी द्या: अमुक इतकी कुटुंबं, आठवड्याला इतके तास, एका प्रशिक्षित मदतनिसाचं मानधन, समाजमंदिराची खोली शनिवारी तीन तास. अर्जाची पोच घ्या. ‘दिव्यांगांसाठी काहीतरी करा’ अशा मागणीचं उत्तर कायम मिक्सर किंवा ब्लँकेट असतं.

सोसायट्यांना एकच सांगणं. रॅम्प बांधलाय म्हणून कौतुक करून घेण्याआधी उतार मोजा. १ ला १२, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला एकशेऐंशी सेंटिमीटर लांबी. याहून चढा असला तर साठ वर्षांची शेजारीण व्हीलचेअर ढकलू शकत नाही, आणि तिचे दोन तास चार भिंतींतच जातात.

सुटीच्या वेळात आईने काय करायचं याचे सल्ले कृपया देऊ नका. ती झोपेल, फ्रिज पुसेल, नाहीतर बँकेत जाईल. फक्त पहिल्या काही सुट्यांतली एक तिच्या स्वतःच्या डॉक्टरसाठी ठेवावी. वर्षानुवर्षं बीपीसुद्धा तपासलेलं नसतं.

रात्रीचा मुक्काम सगळ्यात शेवटी, दिवसाचे तास पाच-सहा महिने सुरळीत चालल्यावर. पहिली रात्र मुलाच्याच घरी, त्याच्याच अंथरुणात. बसणारा माणूस तिथे राहायला येतो आणि आई-बाबा जवळच्या नातेवाइकांकडे जातात. ते जमलं की मग मूल दुसऱ्या घरी: स्वतःची उशी, स्वतःचा चमचा, तीन दिवसांची जास्तीची औषधं, आणि आधीच्या रात्री ते किती वाजता झोपलं त्याची चिठ्ठी. आणि पहिली रात्र शनिवारची ठेवू नका. रविवारी न्यूरोलॉजिस्ट फोन उचलत नाहीत.