'बॅन' आणि 'म्ना' यांच्यातील नाते

ज्या लेखावर हे टिपण आहे, त्यात 'बॅन' म्हणजे स्त्री या आयरिश नामाचे 'म्ना' हे अनेकवचन केवळ अनियमित म्हणून सोडून दिले आहे, ते थोडे अपुरे वाटते. मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत आणि आयरिश या दोन्हींची पूर्वज असलेल्या भाषेतील) शब्दाच्या आरंभीचा 'ग्व' केल्टिक भाषांत, म्हणजे आयरिश ज्या गटातली आहे त्या भाषांत, 'ब' झाला. वेदांतील 'ग्ना' हा शब्द त्याच मुळाचा, आणि 'म्ना'मधील जोडाक्षर त्याच्याशी ताडून पाहिले ('ग'च्या जागी 'ब' येऊन 'ब्ना', आणि पुढच्या 'न'मुळे त्याचे 'म्ना') की ते रूप तितकेसे विचित्र राहत नाही. (आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनॅक्ट प्रांतात मात्र त्याचा उच्चार 'म्रा' होतो.) 'म्ना' हेच षष्ठीचे एकवचनही आहे. षष्ठीचे अनेकवचन वेगळे: १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या संघटनेच्या 'कुमन ना म्बन' (Cumann na mBan) या नावात ते 'म्बन' असे लिहिले जाते, पण त्यातला 'ब' उच्चारात येत नाही, फक्त 'मन' ऐकू येते.