आप्पांचा ऑटो आणि माझा जॉब

रात्री दोनला आमच्या घरात दोघांची ड्युटी सुरू होते. एक आप्पांच्या मोटरीची, दुसरी माझ्या जॉबची. जळगावच्या चोपडा तालुक्यातलं गाव, मागे केळीचा बाग आणि पुढच्या खोलीत मी, पुण्याच्या कंपनीचा क्लाउडवाला. क्लाउड म्हटलं की माय आभाळाकडे बघते. मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला असतो, वर ढगाचं टिपूस नसतं, तेव्हा तिला माझ्या नोकरीची फारच काळजी वाटते.

काम म्हणाल तर हमाली. एका औषध वितरकाच्या चाळीस डेपोंमधल्या बिलांच्या फायली रोज रात्री उचलायच्या आणि क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकांत, नेऊन टाकायच्या. ठरल्या वेळी हे आपोआप करणारा प्रोग्राम म्हणजे माझा जॉब. पहिल्या दिवशी मी वेळ टाकली दोनची आणि जॉब उठला सकाळी साडेसातला. क्लाउडचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मग २०:३० टाकलं, तेव्हा कुठे रात्री दोनचा मुहूर्त साधला.

जॉब फेल होतातच. नेट अडखळतं, समोरचा सर्व्हर दमतो. दर वेळी उठून मी बटण का दाबू, म्हणून रिट्राय लिहिला: फेल झालास तर पुन्हा कर, आणि प्रत्येक वेळी मला मेल टाक. किती वेळा करायचं, ते लिहायचं राहिलं. नेमकं त्याच दुपारी सुरक्षेवाल्यांनी माझ्या जॉबची परवानगी काढून घेतलेली. अशा वेळी सर्व्हर ४०३ हा आकडा पाठवतो. ४०३ म्हणजे दारावरचा वॉचमन, तो ‘आत येऊ नका’ म्हणाला की विषय संपतो. पण माझा जॉब दर दोन सेकंदांनी त्याच दारावर थाप मारत राहिला. मी सकाळी आठला उठलो तेव्हा इनबॉक्समध्ये १०,८०० मेल. मॅनेजर मॅडमना तेवढेच. त्यांचा मात्र एकच आला, आणि तो वाचून माझा चहा थंड झाला.

आप्पांना सांगितलं, तर ते ठेचा-भाकर खाता खाता म्हणाले, "हीरमा पाणीच नही शे, तं मोटर फिरीसन काय करी? जयी जाई." (विहिरीत पाणीच नाही, तर मोटर फिरून काय करणार? जळून जाईल.)

झालं. जे समजून घ्यायला मी दोन दिवस डॉक्युमेंटेशन वाचत होतो, ते या माणसाने भाकरीच्या एका घासात उरकलं. लाईट गेली असेल तर थांबावं, ती येते. पाणीच नसेल तर मोटर बंद करून माणसाला हाक मारावी. मी दुरुस्ती केली: ५०३, म्हणजे ‘सध्या दमलोय’, आला तर पुन्हा प्रयत्न, ४०३ आला तर गुमान थांबून एकच मेल. शिवाय प्रयत्न पाचच आणि मधली थांबण्याची वेळ दर खेपेला दुप्पट. एक मिनिट, दोन, चार, आठ.

आता सुखाने झोपेन असं वाटलं. तिसऱ्या रात्री नेट क्षणभर गेलं आणि चाळीसच्या चाळीस डेपो एकदम फेल झाले. सगळे शिस्तीत एक मिनिट थांबले आणि एकदम धावले. ४२९, म्हणजे ‘एवढे जण एकदम येऊ नका’. सगळे दोन मिनिटं थांबले आणि पुन्हा एकदम धावले. चाळीस जण दर वेळी गळ्यात गळे घालून दारावर.

हे दृश्य आमच्या गावाला नवीन नाही. शिवारात जवळजवळ प्रत्येक मोटरीला ऑटो आहे. लाईट आली की तो मोटर आपोआप सुरू करतो, रात्री शेतात जायला नको. पण सुरू होताना मोटर चालू मोटरीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्या विहिरींवर एकाच क्षणी ‘खट्’ झालं की डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, हात टेकते. फ्यूज उडतो, लाईट जाते. ती परत आली की सगळे ऑटो पुन्हा ‘खट्’. ऑटो काढा, असं वीज कंपनी कानीकपाळी ओरडते. ऐकतो कोण?

आप्पांनी त्यातून वाट काढलीय. त्यांच्या ऑटोचा टायमर सात मिनिटांवर आहे. सातच का, तर त्याला काही कारण नाही, आणि त्यातच त्याचं मोठेपण. क्लाउडच्या भाषेत याला जिटर म्हणतात: थांबण्याच्या वेळेत थोडी मनमानी घालायची, म्हणजे गर्दी पांगते. जुन्या इथरनेटमध्येही हेच होतं. एकाच तारेवर दोन संगणक एकदम बोलले की दोघं गप्प बसायचे, आपापल्या लहरीप्रमाणे थांबून पुन्हा बोलायचे आणि सोळा वेळा टक्कर झाली की नाद सोडायचे. (आमच्या नात्यात सोयरीक जमवणाऱ्या काही मंडळींना हा सोळाचा आकडा कळवायला हवा.)

मग जिटर घातला. तरी एक खोड उरलीच. फाईल पोचलेली असायची, फक्त पोच यायची राहायची, आणि जॉब तीच बिलं पुन्हा चढवायचा. एका डेपोची विक्री एका रात्रीत दुप्पट झाली, तिथला मॅनेजर दोन दिवस कॉलर ताठ करून फिरला. चुलतभावाच्या लग्नात असंच झालेलं. आहेर लिहिताना लाईट गेली, ‘लिहिलं का नाही’ म्हणून काकांनी एकाच पाहुण्याचे ५०१ दोनदा लिहिले. ते आता आम्हाला दोनदा फेडायचे आहेत. आधी वही बघून मगच लिहावं, एवढं जॉबला शिकवलं आणि तो प्रश्न मिटला.

परवा रात्री दोन वाजून गेल्यावर मोबाईलवर मेल आला: पाच प्रयत्न झाले, माणसाने बघावं. एकच मेल, अगदी सभ्य. लॅपटॉप उघडतोय तोच पंखा थांबला, राऊटर विझला. डीपी गेली. अंगणात आलो तर शिवारभर बॅटऱ्या हलत होत्या, आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. सगळे एकाच वायरमनला लावत होते. मीही लावला. बिझी. पुन्हा, बिझी. मग स्विच ऑफ.

आप्पा बाजेवर बसले. शांतपणे तंबाखू मळली, चुना झटकला. सातेक मिनिटांनी फोन लावला.

"बोला आप्पा," पलीकडून आवाज आला. "आत्तेच चालू कया. तुमना एकलानाच लागना."