खाडीत तेलाचा तवंग दिसला तर घ्यायची काळजी

सर्वप्रथम, घाबरू नका. उन्हात तवंग मोरपिशी दिसतो. फोटो काढा, स्टेटसला ठेवा आणि नवी मुंबईच्या पाम बीच रोडला लागा.

खाडीतला जिताडा मासा घेताना डोळ्यांवर विसंबू नका, नाकाला विचारा. गेल्या रविवारी मी विचारलं नाही. ८०० रुपये मोजून दिवाळे गावातून आणला, कोकम घातलं, लसूण ठेचला, आणि कालवणाला उकळी फुटल्यावर सासूबाईंनी आतून विचारलं, "अगं, गॅस संपला का? स्टोव्ह पेटवलास?" आमच्या घरातून स्टोव्ह जाऊन वीस वर्षं झाली. घासलेटाचा वास टोपातून येत होता! तेलाचा अंश माशाच्या चरबीत मुरतो, हळद-मीठ लावून जात नाही, आणि जिताडा म्हणजे चरबीच. टोप तीनदा घासलाय. अजून येतो.

मासे विकणाऱ्या मावशीशी भांडू नका. "ताई, जाल्यालाच डांबर लागलंय, जालं घासलेटानी धुवाला लागतं," म्हणत तिने कमरेची पिशवी सोडली आणि पैसे परत द्यायला लागली. मला घेववले नाहीत.

आता तक्रार. ती अवश्य करा, दिवस छान जातो. पहिल्या कार्यालयात कळतं की खाडी त्यांच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारतात, तवंग पाण्यावर आहे की किनाऱ्याला लागलाय? पाण्यावर असेल तर तिसरीकडे जा. तिसरीकडचे साहेब जेवायला गेलेले असतात. चौथ्याने विचारलं, "नमुना आणलाय का?" मी आणला होता, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, गुडघाभर चिखलात उतरून. तो हसला. तेल प्लास्टिकला चिकटतं म्हणे, नमुना काचेच्या बाटलीत हवा, वर ॲसिड टाकायचं, थंड ठेवायचा. खरं आहे, शास्त्र तसंच सांगतं. मग शास्त्र माहीत असलेल्या माणसाने बाटली घेऊन यायचं की कालवण करणाऱ्या बाईने? शेवटी बुधवारी पाहणी झाली. कधी? भर भरतीला! काळा थर बसलेली तिवरांची मुळं पाण्याखाली. शेरा काय, तर "तवंग आढळून आला नाही." आढळेल कसा? दिवसातून दोन भरत्या येतात, खाडी तुमच्या फायलीसाठी थांबते की काय?

तेल कुणाचं, हे विचारू नका. बंदरवाले म्हणतील जहाजाचं, जहाजवाले म्हणतील पाइपलाइनचं, पाइपलाइनवाले म्हणतील पावसाळी वारा डांबराच्या गोळ्या आणतोच. आणतो, नाही कोण म्हणतंय? पण प्रत्येक तेलाची घडण वेगळी असते, प्रयोगशाळेत त्याची कुळी काढता येते. काढायची असली तर.

फारच वाईट वाटलं तर नायजेरिया आठवा. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालानुसार ओगोनीलँडमधल्या एका वस्तीत पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. आपल्याकडे तर नुसता जिताडाच वासतोय.

जुनं काही उकरू नका. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, तिवरांची मुळं काळी पडली. श्वासाची मुळं आहेत हो ती, तेलाने बुजली की झाड गुदमरतं. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या तेल प्रकल्पात आग लागली, तीही पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारात. चार माणसं गेली. पाण्याच्या गटाराला आग लागते आणि आपण दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या भावावर बोलतो!

बास झालं. हे विनोदाने सांगवत नाही. 'क्रीक व्ह्यू' म्हणून दोन कोटी मोजलेत ना? मग एकदा खिडकीशी उभे राहून बघा तरी. तवंग दिसला की सगळ्यांनी फोन करा, एकट्या बाईचा फोन कुणी धरत नाही. आणि साहेब, तुम्हाला पगार कशाचा मिळतो? पाणी तपासायचा ना? मग जेवण उरकून, भरती गाठून येऊ नका. ओहोटीला या. मुळं उघडी असतात तेव्हा. लोणच्याची काचेची बरणी मी धुऊन, वाळवून ठेवली आहे. ॲसिड तेवढं तुम्ही आणा.