‘घाण पाण्याने मुलीचा कान बिघडला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आमच्या तलावाच्या घाण पाण्याने तुमच्या सात वर्षांच्या मुलीचा कान सुजला, कोचने तिला पाण्यात उतरूच दिलं नाही, दहा दिवस घरी बसवलं, त्या दिवसांचे पैसे बुडाले. आणि दुसऱ्या तलावावर पोहून झाल्यावर मुलांच्या कानात थेंब टाकतात, तसं आम्ही काही करत नाही.

आधी लेकीची चौकशी. कानाच्या बाहेरच्या नळीच्या या दुखण्यात त्या कुशीवर झोपता येत नाही, घास चावतानाही कळ येते. तिचे हाल बघून तुम्ही संतापलात यात नवल नाही. पण तुमचा अभिप्राय इतर पालकही वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाण्याचं आधी. तलावात दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम मोकळं (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे की अल्कलीकडे झुकतंय हे सांगणारा आकडा, ७ ते ७.८ च्या दरम्यान हवा. पीएच त्याच्या वर गेला की क्लोरीन पुरेसं असूनही त्याचा जोर कमी होतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात. आम्ही ते बॅच सुरू होण्याआधी आणि बॅच चालू असताना तपासतो आणि दाराशी फळ्यावर लिहितो. मागची नोंदवही ऑफिसात आहे, तुम्ही कधीही येऊन पाहा. कुठल्याही तलावावर मूल घालताना पालकांनी हे आकडे मागावेत, तो त्यांचा हक्क आहे. निगा न राखलेल्या पाण्यात कानाचे जंतू वाढतात हे अगदी खरं. नाकात जाणारा उग्र वास आला की पुष्कळांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. तो वास बहुतेक वेळा क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. आंघोळ केल्याशिवाय उतरायचं नाही, असं आमचे कोच मुलांना बजावतात ते त्यासाठीच.

पण ताई, पाणी चोख असलं तरी हा त्रास होतो, आणि रोज पोहणाऱ्या मुलांना जास्त होतो. कानाच्या नळीत मळाचा पातळ थर असतो. तो किंचित आम्लयुक्त असतो, पाणी झटकून टाकतो, जंतूंना वाढू देत नाही. लहान मुलांची नळी अरुंद, त्यामुळे शिरलेलं पाणी तिथेच राहतं. रोज तासभर भिजून कातडी मऊ पडते, मळ धुऊन जातो. त्यात कोणी कान कोरला की बारीक ओरखडा उठतो आणि स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंना वाट मिळते. दमट हवेत, पावसाळ्यात तर बुरशीही धरते. म्हणून इअरबड, पिन, काडी यांतलं काहीही कानात नको. टॉवेलचं टोक पिळून आत घालणंही त्यातलंच. सगळे पालक ते अगदी मायेने करतात, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. मळ काढलाच पाहिजे हा आपल्याकडचा हट्टही सोडून द्यायला हवा.

मग करायचं काय? पाण्यातून बाहेर आल्यावर मान एका बाजूला कलती करून कानाची पाळी हळूहळू वेगवेगळ्या दिशांना ओढायची, पाणी आपोआप निथळतं. मग दुसरी बाजू. बाहेरून टॉवेलने टिपायचं. घरी हेअर ड्रायर असेल तर सगळ्यात कमी गरम आणि कमी वेगावर, कानापासून फूटभर लांब धरून थोडा वेळ हवा द्यायची. कानावर घट्ट बसणारी टोपी किंवा पोहण्याचे इअरप्लग ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांनी जरूर वापरावेत.

थेंबांबद्दल आम्ही ठाम आहोत. कान कोरडा करणारे व्हिनेगर-स्पिरिटचे थेंब असतात आणि काही मुलांना डॉक्टर ते देतातही. पण कानाच्या पडद्याला भोक असेल, पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवलेली असेल किंवा कान आधीच दुखत असेल, तर ते टाकायचे नसतात. कुणाच्या पडद्याचं काय आहे हे काठावर उभं राहून आमच्या कोचला दिसत नाही. त्यामुळे आम्ही कुणाच्याच कानात काही टाकत नाही आणि टाकणारही नाही. लसणाच्या फोडणीचं तेल टाकू नका असं कोच तुम्हाला म्हणाला, तेही याच कारणाने. तुम्हाला ते उद्धट वाटलं, पण तेलाने ओल आत धरून राहते आणि डॉक्टरांना नळी नीट दिसत नाही.

त्या दिवशी कोचने तिला थांबवलं कारण ती सारखी कान चोळत होती आणि पाळीला हात लागताच कळवळली. कानाची पाळी ओढल्यावर किंवा भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर दुखलं तर बहुधा बाहेरच्या नळीचा संसर्ग असतो. सर्दीनंतर तापासकट येणारी, पडद्यामागची कानदुखी वेगळी, तिचे उपचारही वेगळे. घरातल्या जुन्या बाटलीतले थेंब वापरू नयेत ते म्हणूनच. त्यातली काही औषधं पडदा फुटलेल्या कानात गेली तर ऐकण्यालाच इजा करू शकतात.

साध्या दुखण्यात डॉक्टर बहुतेक वेळा पोटात घ्यायची अँटिबायोटिक देत नाहीत, कानात टाकायचे थेंब देतात, साधारण ७ ते १० दिवस, आणि दुखणं कमी होण्यासाठी पॅरासिटामॉलसारखं औषध. बाटली मुठीत धरून कोमट करा, मुलीला कुशीवर झोपवा, तिच्या वयाला कान वर आणि मागे ओढून थेंब टाका, आणि तीन ते पाच मिनिटं तसंच पडू द्या. नळी फार सुजली असेल तर डॉक्टर आत औषधाची छोटी वात ठेवतात. दोन-तीन दिवसांत उतार पडतो. नाही पडला, ताप आला, किंवा कानामागे लाली-सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसू लागला तर त्याच दिवशी पुन्हा दाखवा. दुखणं थांबलं म्हणून थेंब मध्येच बंद करू नका.

आणि तेवढे दिवस पाण्यात जायचं नाही, हा उपचाराचाच भाग आहे. ओल्या कानात औषध नीट काम करत नाही. तिची पोहण्याची हौस आम्ही रोज पाहतो, तिला काठावर बसवणं कोचलाही जड गेलं. पण पुन्हा तशीच आली तर पुन्हा थांबवू. घरी केस धुताना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, आत ढकलू नका.

पैशांचं म्हणाल तर ते बुडालेले नाहीत. आजारपणात चुकलेले दिवस आमच्याकडे पुढे धरले जातात, तुमच्या मुलीचे तिच्या कार्डावर लिहून ठेवलेत. डॉक्टरांनी कान पाहून ‘आता चालेल’ म्हटलं की तिला सकाळच्या बॅचला घेऊन या. तिथे मुलं कमी असतात, पहिले काही दिवस कोच तिला डोकं बुडवायला न लावता पायांचाच सराव देईल.